स्वतःचा धंदा किंवा प्रॅक्टिस असेल तर एनपीएस-पीपीएफची वजावट कशी घ्यायची: क्रम चुकला की सूट गेली

दर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मला तोच फोन येतो. कधी अंबडला छोटं वर्कशॉप असलेला मित्र असतो, कधी गंगापूर रोडची इंटिरियर डिझायनर, कधी नाशिकरोडचा वकील. प्रश्न एकच, "एनपीएसमध्ये पन्नास हजार टाकले की पन्नास हजार टॅक्स वाचतो ना?" नाही वाचत. एनपीएस म्हणजे निवृत्तीसाठीची राष्ट्रीय पेन्शन योजना, तिच्यात टाकलेले पन्नास हजार तुमच्या उत्पन्नातून वजा होतात. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेससकट (टॅक्सवरचा जादा आकार धरून) १०,४०० रुपये वाचतात, ३० टक्क्यांत असाल तर १५,६००, आणि नव्या रिजीममध्ये (टॅक्स मोजायच्या जुन्या आणि नव्या अशा दोन पद्धतींपैकी नवी) असाल तर एक रुपयाही नाही. हे तिसरं वाक्य बहुतेकांना जुलैत कळतं, तेव्हा पैसे अडकलेले असतात.

नोकरदाराचं बरं असतं, ऑफिसमधला अकाउंटवाला विचारतो, फॉर्म भरून घेतो, कापून घेतो. आपलं तसं नाही, आपल्याला सगळं स्वतः आणि बरोबर क्रमाने करावं लागतं. आधी हिशोब, मग पैसे, मग फॉर्म, मग रिटर्न. लोक पैशांपासून सुरू करतात आणि हिशोब शेवटी बघतात, म्हणून फसतात.

खालचे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे असेसमेंट इयर (त्या उत्पन्नाचं रिटर्न भरायचं वर्ष) २०२६-२७ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत, पण २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न जुन्या कायद्याच्या नंबरांनीच भरायचं आहे. पुढच्या वर्षीचं रिटर्न भरताना हे नंबर जसेच्या तसे उचलू नका.

१. आधी उत्पन्नाचा खरा आकडा काढा

पावत्यांची बेरीज म्हणजे उत्पन्न नाही. इंटिरियर डिझायनर, आर्किटेक्ट, वकील, डॉक्टर, इंजिनिअर, सीए ही मंडळी ४४एडीए या कलमाखाली (ठरावीक टक्क्यांनी उत्पन्न धरायची प्रिझम्प्टिव्ह पद्धत) वर्षभराच्या जमेच्या ५० टक्के उत्पन्न दाखवू शकतात, जमा ५० लाखांपर्यंत असेल तर. रोखीत आलेले पैसे एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा ७५ लाख होते. दुकान, ट्रेडिंग, छोटं वर्कशॉप असेल तर ४४एडी, तिथे उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या भागावर ६ टक्के. वह्या नीट ठेवत असाल तर खरा नफा हेच उत्पन्न.

हा आकडा आधी का हवा, तर एनपीएसची एक मर्यादा याच्यावरच ठरते. धंदेवाल्याला ८०सीसीडी(१) खाली त्याच्या ढोबळ एकूण उत्पन्नाच्या २० टक्क्यांपर्यंत वजावट मिळते. नोकरदाराला पगाराच्या १० टक्के, आपल्याला २०. पण हे २० टक्के उत्पन्नाचे, उलाढालीचे नाहीत. रविवार कारंज्यावरच्या दुकानाची उलाढाल ६० लाख असेल, सगळी बँकेतून, तर ६ टक्क्यांनी उत्पन्न झालं ३ लाख ६० हजार आणि त्याचे २० टक्के ७२ हजार. साठ लाखांचे २० टक्के धरून बसलेला माणूस मी स्वतः पाहिलाय.

नाशिककरांसाठी एक खास गोष्ट. निफाड-दिंडोरीकडे घरची द्राक्षबाग आहे आणि शहरात धंदा किंवा प्रॅक्टिस आहे असे कितीतरी जण आहेत. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, त्यामुळे ते या २० टक्क्यांच्या हिशोबात येत नाही, पण रिटर्नमध्ये दाखवावं लागतं आणि बाकीच्या उत्पन्नावर कोणता दर लागेल हे ठरवताना धरलं जातं. आणि ते वर्षाला ५,००० रुपयांच्या वर असेल तर रिटर्नचा आयटीआर-४ हा फॉर्म चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. बागेचे लाखो रुपये आणि आयटीआर-४ अशी जोडी दरवर्षी दिसते.

तपासा: २६एएस आणि एआयएस (आयकर खात्याकडे तुमच्या नावावर काय नोंदलंय ते दाखवणारी विवरणं) डाउनलोड करून तुमची जमा आणि क्लायंटनी दाखवलेली जमा जुळते का ते बघा. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका, आधी ते निस्तरा.

२. दोन्ही रिजीमचा हिशोब कागदावर मांडा

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच लोक गाळतात. पीपीएफ (पब्लिक प्रॉव्हिडंट फंड), एलआयसी, एनपीएसमध्ये स्वतः टाकलेले पैसे, या सगळ्यांची वजावट फक्त जुन्या रिजीममध्ये मिळते. आणि काहीच केलं नाही तर तुम्ही आपोआप नव्या रिजीममध्ये असता.

नव्या रिजीममध्ये १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे (टॅक्समधल्या सवलतीमुळे) टॅक्स शून्य. (शेअर-फंड विकून झालेला नफा असेल तर त्याचा हिशोब वेगळा, तो इथे धरलेला नाही.) म्हणजे तुमचं उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर टॅक्ससाठी एनपीएस करायचं काहीच कारण उरत नाही. म्हातारपणासाठी करायचं असेल तर जरूर करा, ते चांगलंच आहे, पण मग ते त्या हिशोबाने करा, ३१ मार्चला घाईघाईत नको.

सावधान: १२ लाख ७५ हजारांपर्यंत टॅक्स नाही हे तुम्ही ऐकलं असेल, ते पगारदारांचं आहे. वरचे ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शनचे, धंद्याच्या उत्पन्नाला ते मिळत नाही. आपली रेषा १२ लाख. रेषा थोडी ओलांडली तर १२ लाखांच्या वर जेवढे रुपये गेले त्यापेक्षा जास्त टॅक्स लागत नाही, ही सवलत साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत पुरते.

आता १२ लाखांच्या वरचं उदाहरण घेऊ. समजा गंगापूर रोडची एक इंटिरियर डिझायनर आहे, वर्षाची जमा २६ लाख, ४४एडीए खाली उत्पन्न १३ लाख.

नवी रिजीम: पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ वर ५ टक्के म्हणजे २०,०००, ८ ते १२ वर १० टक्के म्हणजे ४०,०००, वरच्या एक लाखावर १५ टक्के म्हणजे १५,०००. एकूण ७५,०००, सेस धरून ७८,०००.

जुनी रिजीम: तिच्याकडे ८०सी चे पूर्ण दीड लाख आहेत (पीपीएफ आणि होम लोनचं मुद्दल), राहत्या घराच्या लोनचं व्याज २ लाख, स्वतःचा मेडिक्लेम २५,०००, साठीच्या वरच्या आईवडिलांचा ५०,०००, स्वतःच्या शिक्षणाच्या कर्जाचं व्याज ६०,०००. बेरीज ४ लाख ८५ हजार. उरलं ८ लाख १५ हजार, त्यावर टॅक्स ७५,५००, सेससकट ७८,५२०. म्हणजे एवढं सगळं असूनही नवी रिजीम ५२० रुपयांनी स्वस्त.

आता तिने एनपीएसमध्ये ५०,००० टाकले, ८०सीसीडी(१बी) खाली. उत्पन्न उरलं ७ लाख ६५ हजार, टॅक्स ६५,५००, सेससकट ६८,१२०. आता जुनी रिजीम ९,८८० रुपयांनी स्वस्त झाली. इथे एनपीएसने खरंच काम केलं.

पण याच बाईकडे होम लोन नसतं तर? मग जुनी रिजीम कुठेच पोचत नाही, एनपीएस टाका नाहीतर नका टाकू. १३ लाख उत्पन्नावर जुनी रिजीम बरोबरीला यायलाच ४ लाख ८७ हजार ५०० ची वजावट लागते. २० लाख उत्पन्न असेल तर नव्यात टॅक्स सेसआधी २ लाख, आणि जुन्यात तो गाठायला ७ लाखांच्या वर वजावट लागते. म्हणून मी सरळ सांगते, घराचं लोन, शिक्षणाचं कर्ज, आईवडिलांचा मेडिक्लेम यातलं काहीच नसेल आणि फक्त पीपीएफ-एनपीएसच्या जोरावर जुनी रिजीम घ्यायचा विचार असेल, तर बहुतेक वेळा तोटा होतो.

तपासा: आयकर पोर्टलवर टॅक्स कॅल्क्युलेटर आहे, दोन्ही आकडे शेजारी दाखवतो. तुमचे आकडे टाका, स्क्रीनशॉट घ्या, आणि मगच तिसऱ्या पायरीला या.

३. कोणता रुपया कोणत्या कलमात बसतो

८०सी, ८०सीसीसी आणि ८०सीसीडी(१) या तिघांची मिळून मर्यादा दीड लाख. त्याच्या वर, वेगळे, ८०सीसीडी(१बी) चे ५०,०००. हे ५० हजार फक्त एनपीएसचे, पीपीएफ कितीही भरलात तरी इथे येत नाही.

एक उदाहरण. पीपीएफ ९०,०००, एलआयसी ३०,०००, एनपीएस ८०,०००. यातले एनपीएसचे ५०,००० आधी (१बी) मध्ये टाकायचे. उरलेले ३०,००० (१) मध्ये. मग पीपीएफ, एलआयसी आणि हे ३०,००० मिळून बरोबर दीड लाख होतात आणि एकूण वजावट दोन लाख. हेच ८०,००० आधी (१) मध्ये टाकले तर दीड लाखाची मर्यादा ओलांडते, ५० हजार वाया जातात आणि (१बी) रिकामं राहतं. एकच रक्कम दोन्हीकडे दाखवायची नाही, ते तर सरळ चुकीचं.

सावधान: ८०सीसीडी(२) ला हात लावू नका. "नव्या रिजीममध्येही एनपीएसची सूट मिळते" असं जे सगळीकडे सांगतात ते या कलमाबद्दल आहे, आणि ते मालकाने नोकराच्या एनपीएसमध्ये टाकलेल्या पैशांसाठी आहे. प्रोप्रायटर स्वतःचा नोकर नसतो. फर्ममधला पार्टनरही नसतो. तुमच्याकडे कामाला असलेल्या माणसांच्या पीएफमधला तुमचा वाटा वेळेत भरलात तर तो धंद्याचा खर्च, बरोबर आहे, पण स्वतःचं एनपीएस किंवा पीपीएफ धंद्याच्या खर्चात टाकता येत नाही. ते उत्पन्न काढून झाल्यावर वजा होतं. ४४एडीए वाल्यांना वाटतं की आपले ५० टक्के खर्च धरूनच गेलेत त्यामुळे आता काही मिळत नाही, तेही खरं नाही, जुन्या रिजीममध्ये असाल तर प्रिझम्प्टिव्हच्या उत्पन्नातूनही ही वजावट मिळते.

कुणाच्या नावाने भरलं यातही गोंधळ असतो. पीपीएफ नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा मुलांच्या खात्यात भरलं तरी भरणाऱ्याला ८०सी मिळतं. बायकोच्या एनपीएस खात्यात नवऱ्याने भरलं तर नवऱ्याला मिळत नाही.

४. खातं उघडा आणि पैसे भरा

एनपीएस खातं घरबसल्या उघडतं, आधार किंवा पॅन, बँक खातं आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर एवढं हाताशी ठेवा. बँकेतून किंवा पोस्टातूनही उघडता येतं. प्रान नंबर (तुमच्या एनपीएस खात्याचा नंबर) मिळाला की तो पॅनबरोबर एकाच कागदावर लिहून ठेवा, रिटर्न भरताना लागतो.

टियर १ आणि टियर २ ही दोन वेगळी खाती आहेत आणि सूट फक्त टियर १ ला. हे मी ठळक सांगते कारण माझ्याच मावसभावाने एका वर्षी ५० हजार टियर २ मध्ये टाकले. मोबाईलवर दोन्ही पर्याय शेजारी होते, घाईत दुसरा दाबला गेला, पैसे गेले, पावतीही आली, आणि रिटर्नच्या वेळी पावतीवरचा "टियर २" वाचून आम्ही दोघं गप्प बसलो. पैसे बुडाले नाहीत, पण त्या वर्षीची वजावट गेली.

टियर १ मध्ये वर्षाला किमान १,००० रुपये भरत राहा, नाहीतर खातं गोठतं. आणि लक्षात ठेवा, हे पैसे लांबच्या मुदतीचे आहेत, पुढच्या दिवाळीत मशीन घ्यायला काढता येणार नाहीत. शेवटी एकूण पुंजीच्या ६० टक्क्यांपर्यंतची एकरकमी रक्कम करमुक्त असते, दरमहा येणारी पेन्शन मात्र त्या त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते.

बँकेत कुणी अटल पेन्शन योजना सुचवली तर थांबा. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्याला त्यात नवीन खातं उघडता येत नाही.

पीपीएफचं सोपं आहे, वर्षाला किमान ५००, कमाल दीड लाख. महिन्याच्या ५ तारखेपर्यंत भरलंत तर त्या महिन्याचं व्याज मिळतं, ६ तारखेला भरलंत तर त्या रकमेवर नाही. एप्रिलच्या ५ तारखेच्या आत एकदम भरणं जमत असेल तर सगळ्यात फायदा.

सावधान: ३१ मार्च ही भरायची तारीख समजू नका, पैसे पोचायची तारीख समजा. सर्व्हर अडकतो, चेक क्लिअर व्हायला दिवस जातात, मध्ये रविवार येतो. २० मार्चच्या आत संपवा.

५. ॲडव्हान्स टॅक्स विसरू नका

वर्षाचा टॅक्स टीडीएस (क्लायंटने आधीच कापलेला टॅक्स) वजा जाता १०,००० किंवा जास्त असेल तर ॲडव्हान्स टॅक्स लागतो. प्रिझम्प्टिव्हवाल्यांना १५ मार्चपर्यंत एकदम, बाकीच्यांना १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च असे चार हप्ते. १५ मार्चला जुन्या रिजीमचा आकडा धरून टॅक्स भरलात आणि नंतर एनपीएस भरलंच नाही तर फरकावर व्याज लागतं. म्हणून दुसऱ्या पायरीचा हिशोब फेब्रुवारीतच व्हायला हवा.

६. फॉर्म १०-आयईए, रिटर्नच्या आधी

नोकरदार दरवर्षी रिटर्नमध्येच टिक करून रिजीम बदलू शकतो. धंदा किंवा व्यवसायाचं उत्पन्न असलेल्याला ते चालत नाही. जुनी रिजीम हवी तर आधी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, रिटर्नची मूळ मुदत संपायच्या आत. मुदत गेली की नवी रिजीम, मग तुमच्याकडे एनपीएसच्या कितीही पावत्या असू देत. फॉर्म वेळेत भरला नसेल तर उशिरा भरलेल्या रिटर्नमध्ये जुनी रिजीम घेता येत नाही.

पोर्टलवर ई-फाइलमध्ये जा, इन्कम टॅक्स फॉर्म्स, तिथे धंदा-व्यवसायवाल्यांच्या यादीत १०-आयईए सापडेल. असेसमेंट इयर २०२६-२७ निवडा, २०२५-२६ नाही, इथे खूप जण चुकतात. मग पर्याय येतो, नव्या रिजीममधून बाहेर पडायचं की नव्यात परत यायचं. नीट वाचून "बाहेर" निवडा. आधार ओटीपीने व्हेरिफाय करा. पोचपावती नंबर आणि तारीख लिहून ठेवा, रिटर्नमध्ये दोन्ही टाकायची असतात.

सावधान: एकदा बाहेर पडलात की पुढच्या वर्षीही तुम्ही जुन्यातच राहता. नव्यात परत यायचं तर पुन्हा हाच फॉर्म, आणि परत आल्यावर धंद्याचं उत्पन्न आहे तोवर जुन्यात पुन्हा जाता येत नाही. म्हणजे हा निर्णय एका वर्षाचा नाही. वरच्या डिझायनरचं शिक्षणाचं कर्ज पुढच्या वर्षी फिटणार असेल, तर व्याजाचे ६०,००० गेले, वजावट ४ लाख ७५ हजारांवर आली आणि नवी रिजीम पुन्हा स्वस्त झाली. ९,८८० रुपयांसाठी तिने तिची एकुलती एक संधी वापरावी का? मी असते तर पुढची तीन-चार वर्षं कागदावर मांडून मगच ठरवलं असतं.

७. रिटर्न भरताना

फॉर्म कोणता ते आधी. प्रिझम्प्टिव्ह, एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत, शेती ५,००० पर्यंत, तर आयटीआर-४ पुरतो. नाहीतर आयटीआर-३.

सुरुवातीलाच रिजीमचा प्रश्न येतो. जुनी हवी असेल तर १०-आयईए भरल्याचं सांगून पोचपावती नंबर आणि तारीख टाका. इथे चुकून नवी राहिली तर पुढे वजावटींचे रकाने बंद दिसतील किंवा शून्य होतील, तेव्हा मागे जाऊन हेच आधी बघा.

वजावटींच्या शेड्यूलमध्ये पीपीएफचा खाते नंबर, एलआयसीचा पॉलिसी नंबर, एनपीएसचा प्रान हाताशी ठेवा. एनपीएसचा आकडा बँकेच्या एसएमएसवरून टाकू नका. बँकेतून गेलेल्या रकमेत कधी सर्व्हिस चार्ज आणि त्यावरचा जीएसटी असतो. एनपीएसच्या साइटवरून वर्षाचं ट्रान्झॅक्शन स्टेटमेंट काढा आणि १ एप्रिल ते ३१ मार्चमधलं टियर १ चं योगदान तेवढंच टाका.

तपासा, सबमिट दाबायच्या आधी:
८०सीसीडी(१) आणि (१बी) मध्ये तेच पैसे दोनदा नाहीत ना.
८०सीसीडी(२) चा रकाना रिकामा आहे ना.
एकूण टॅक्स दुसऱ्या पायरीच्या स्क्रीनशॉटशी जुळतो ना. शे-दोनशेचा फरक चालेल, हजारांचा असेल तर काहीतरी सुटलंय.

सबमिट झाल्यावर ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करा, नाहीतर रिटर्न भरलं असं धरलंच जात नाही, आणि मग ते उशिराचं ठरू शकतं.

८. रिटर्ननंतर

१४३(१) ची इंटिमेशन (रिटर्न तपासल्यावर आयकर खात्याने पाठवलेली सूचना) ईमेलवर येते. बहुतेक लोक उघडत नाहीत. उघडा. त्यात दोन कॉलम असतात, तुम्ही टाकलेलं आणि त्यांनी धरलेलं. वजावटीच्या ओळीत त्यांच्याकडे शून्य असेल तर पहिला संशय १०-आयईएवर घ्या. फॉर्म वेळेत भरला असेल आणि फक्त नंबर चुकला असेल तर दुरुस्तीचा अर्ज पोर्टलवरच करता येतो. फॉर्मच भरला नसेल तर मात्र वाढीव टॅक्स भरावा लागतो.

स्टेटमेंट, पीपीएफ पासबुकचं पान, १०-आयईएची पोचपावती, दोन्ही रिजीमच्या हिशोबाचा स्क्रीनशॉट, एवढं एका फोल्डरमध्ये वर्षाचं नाव टाकून ठेवा. आणि फोनमध्ये दोन रिमाइंडर लावा, एक ५ फेब्रुवारीचा "दोन्ही रिजीमचा हिशोब", दुसरा २० मार्चचा "टियर १ स्टेटमेंट बघ".